७० सॅक आणि एक भोपळा

सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या लीगचा अंतिम सामना, भारतात सोमवारी पहाटे पाचला सुरू होतो. १३ फेब्रुवारी २०२३ च्या पहाटे मी चहाचा कप घेऊन टीव्हीसमोर बसलो होतो ते एकच गोष्ट बघायला: फिलाडेल्फिया ईगल्सची माणसं कॅन्सस सिटी चीफ्सचा चेंडू फेकणारा गडी पॅट्रिक महोम्स याला किती वेळा लोळवतात. त्या हंगामात (सप्टेंबर २०२२ ला सुरू झालेला, म्हणून २०२२ चा म्हणतात) ईगल्सने १७ सामन्यांत ७० सॅक केले होते, म्हणजे समोरच्या चेंडू फेकणाऱ्याला ७० वेळा पाडलं होतं. १९८४ च्या शिकागो बेअर्सचा ७२ चा विक्रम फक्त दोनने हुकला (बेअर्सनी तो १६ सामन्यांत केला होता, हे इथेच सांगून ठेवतो). हासन रेडिकचे १६, आणि जेव्हॉन हारग्रेव्ह, जॉश स्वेट, ब्रँडन ग्रॅहम यांचे प्रत्येकी ११. एकाच संघातल्या चौघांनी एका हंगामात दहाचा आकडा ओलांडलाय, असं एनएफएलमध्ये आधी कधी झालं नव्हतं.

अंतिम सामन्यात ईगल्सचे सॅक किती? शून्य. आधीच घोटा दुखावलेल्या महोम्सला त्यांनी एकदाही पाडलं नाही. चीफ्स ३८-३५ ने जिंकले.

बरोबर दोन वर्षांनी, न्यू ऑर्लिन्सला, पुन्हा हेच दोन संघ आणि पुन्हा महोम्स. या वेळी ईगल्सच्या खात्यात २०२४ च्या हंगामाचे ४१ सॅक होते. हा आकडा वाईट नाही, पण कुणी उठून टाळ्या वाजवाव्यात असाही नाही. आणि त्या रात्री त्यांनी महोम्सला सहा वेळा पाडलं. मध्यंतराला २४-०, शेवटी ४०-२२.

म्हणजे ७० वाल्यांना भोपळा आणि ४१ वाल्यांना सहा. मग कुठल्या वर्षीच्या ईगल्सचा पास रश भारी म्हणायचा?

हा खेळ फारसा न बघणाऱ्यांसाठी थोडी ओळख. अमेरिकन फुटबॉलमध्ये आक्रमण करणाऱ्या संघाचा म्होरक्या म्हणजे क्वार्टरबॅक. चेंडू त्याच्या हातात येतो आणि तो पुढे धावणाऱ्या आपल्या माणसाकडे फेकायचा असतो. त्याच्या पुढ्यात पाच धिप्पाड गडी भिंतीसारखे उभे असतात, ती ऑफेन्सिव्ह लाइन. समोरच्या संघाची साधारण चार माणसं ही भिंत फोडून किंवा वळसा घालून त्याच्यापर्यंत पोचायला बघतात. हाच पास रश. चेंडू हातातून सुटण्याआधी क्वार्टरबॅकला मागच्या मागे पाडलं की झाला सॅक. दोघांनी मिळून पाडलं तर अर्धा-अर्धा वाटून देतात, म्हणून आकड्यांत साडेबावीस वगैरे दिसतं. बचावाची उरलेली सात माणसं चेंडू झेलायला धावणाऱ्यांच्या मागावर असतात. त्याला कव्हरेज म्हणतात. हे चार आणि सात लक्षात ठेवा, पुढे सगळं त्यावरच फिरणार आहे.

सॅक मोजणं सोपं आहे आणि म्हणूनच सगळे तेच मोजतात. एनएफएलने हा आकडा अधिकृतपणे मोजायला सुरुवात केली १९८२ मध्ये. पण आकडा म्हणून तो फार चंचल आहे. शंभर वेळा क्वार्टरबॅक पास करायला मागे सरकतो तेव्हा सहा-सात वेळा सॅक होतो. सामन्यात असे तीस-चाळीस प्रसंग, म्हणजे संघाला दोन-तीन सॅक. इतक्या थोडक्या घटनांमध्ये एखादा दिवस सगळं चित्र पालटतो. २००७ च्या न्यूयॉर्क जायंट्सनी ५३ सॅकसह लीगमध्ये पहिला नंबर काढला. त्यातले १२ एकाच रात्री आले, ३० सप्टेंबरला, फिलाडेल्फियाविरुद्ध. त्यातही सहा एकट्या ओसी युमेनयोराचे. ईगल्सचा नेहमीचा लेफ्ट टॅकल (टॅकल म्हणजे भिंतीच्या टोकाचा गडी, हा डाव्या टोकाचा) जखमी होता आणि त्याच्या जागी आलेल्या पोराची त्या रात्री पार दाणादाण उडाली. हंगामाच्या एक पंचमांशाहून जास्त कमाई एका सामन्यातली! बाकीच्या १५ सामन्यांत ४१ सॅक, म्हणजे सामन्याला पावणेतीनच्या आसपास. तेही चांगलंच, पण ५३ ऐकून डोळ्यांपुढे जे उभं राहतं ते काही हे नव्हे.

(त्याच जायंट्सनी पुढे सुपर बोलमध्ये तोवर अठराच्या अठरा सामने जिंकलेल्या न्यू इंग्लंडच्या टॉम ब्रेडीला पाच वेळा पाडलं आणि १७-१४ ने जिंकले, हेही खरंच. आकडा चंचल होता, संघ नव्हता.)

२०२२ च्या ईगल्सकडे याच नजरेने बघू. त्यांच्या ७० पैकी नऊ सॅक सप्टेंबरमधल्या एका दुपारी आले, वॉशिंग्टनच्या कार्सन वेंट्झचे. हा वेंट्झ पूर्वी ईगल्सचाच. २०२० मध्ये फिलाडेल्फियाकडून अवघ्या १२ सामन्यांत तो ५० वेळा सॅक झाला होता आणि त्या वर्षी लीगमध्ये त्याच्याइतकं कुणीच पडलं नव्हतं. चेंडू हातात धरून काहीतरी अचाट घडवायची वाट बघत राहायचं ही त्याची सवय ईगल्सला बाहेरच्यांपेक्षा नक्कीच जास्त ठाऊक असणार.

इथे मला या विषयातली सगळ्यात कमी बोलली जाणारी गोष्ट सांगायची आहे. सॅक आपण बचावाच्या खात्यात लिहितो, पण त्यातला मोठा वाटा ज्याला पाडलं त्याचा असतो. २००९ मध्ये पेटन मॅनिंगने ५७१ पास फेकले आणि तो हंगामभरात फक्त दहा वेळा पाडला गेला. तो काही चपळ नव्हता, पळून सुटणाऱ्यातला तर मुळीच नव्हता. पण चेंडू कुठे जाणार हे त्याने खेळ सुरू होण्याआधीच ताडलेलं असायचं. समोरचा गडी भिंत फोडून येईपर्यंत चेंडू हातात नसायचाच. उलट टोकाला डेव्हिड कार: २००२ मध्ये नव्याकोऱ्या ह्यूस्टन टेक्सन्सकडून खेळताना तो ७६ वेळा पडला. भिंत कच्ची होती हे खरंच, पण क्वार्टरबॅक संघ बदलतो तेव्हा त्याचा सॅकचा स्वभाव बऱ्यापैकी त्याच्यासोबत जातो, असा अभ्यासकांचा अनुभव आहे. महोम्स या बाबतीत मॅनिंगच्या वाटेवरचा. २०२२ मध्ये ६४८ पास आणि २६ सॅक. त्यामुळे अंतिम सामन्यात ईगल्सच्या वाट्याला भोपळा येणं वाटलं तितकं आक्रीत नव्हतं. वेंट्झला नऊ वेळा पाडणं आणि महोम्सला दोनदा पाडणं या एकाच मापाने मोजायच्या गोष्टी नाहीत.

कधीकधी तर सॅक चक्क बक्षीस मिळतो. २००१ च्या हंगामाच्या शेवटच्या सामन्यात जायंट्सच्या मायकल स्ट्रेहनला एका हंगामातल्या सॅकच्या विक्रमासाठी एक सॅक हवा होता. ग्रीन बेचा ब्रेट फार्व्ह चेंडू घेऊन बाजूला धावला आणि स्ट्रेहन येताच त्याच्या पुढ्यात त्याने जवळजवळ लोटांगणच घातलं. स्ट्रेहनचे २२.५ झाले आणि मार्क गॅस्टिनोचा १९८४ चा २२ चा विक्रम मोडला. फार्व्हने ते मुद्दाम केलं का, यावर आजही लोक तावातावाने भांडतात. पुढे २०२१ मध्ये टी. जे. वॉटने २२.५ ची बरोबरी केली आणि २०२५ च्या हंगामात माइल्स गॅरेट २३ वर पोचला. पण फार्व्हचा तो एक सॅकही आकडेवारीत बाकीच्यांइतकाच वजनदार आहे. वहीला लोटांगण दिसत नाही.

मग सॅकऐवजी काय बघायचं? पहिलं उत्तर: प्रेशर. क्वार्टरबॅकला पाडलं नाही, पण फेकताफेकता धडक दिली, जागेवरून हुसकावलं, घाईघाईत फेकायला लावलं, हे सगळं यात येतं. क्रिकेटच्या भाषेत सांगायचं तर सॅक म्हणजे विकेट आणि प्रेशर म्हणजे बॅटची कड चुकवून जाणारे चेंडू. ज्या गोलंदाजाने फलंदाजाला तासभर नाचवलं त्याच्या नावापुढे विकेट नसेलही, पण पुढच्या सामन्यात तुम्ही चेंडू त्याच्याच हातात द्याल.

याचं सगळ्यात झणझणीत उदाहरणही महोम्सचंच. फेब्रुवारी २०२१ च्या सुपर बोलमध्ये टॅम्पा बे बकनिअर्सनी त्याला फक्त तीनदा पाडलं. नुसता आकडा वाचला तर वाटेल, नेहमीचा दिवस. प्रत्यक्षात बिचारा रात्रभर जिवाच्या आकांताने पळत होता. चीफ्सचे दोन्ही मूळ टॅकल जखमी होऊन बाहेर बसले होते, आणि त्या रात्री महोम्सवर २९ वेळा प्रेशर आल्याची नोंद झाली. सुपर बोलमध्ये तोवर कुणाच्याच वाट्याला इतकं आलं नव्हतं. एकदा तर तो जमिनीला समांतर हवेत असताना त्याने चेंडू भिरकावला. चीफ्सला टचडाउन (चेंडू शेवटच्या रेषेपार नेणं) एकही नाही, निकाल ३१-९. बचावाने गाजवलेला असा सामना मी क्वचित पाहिला आहे, आणि सॅकच्या रकान्यात त्यासाठी लिहिलंय तीन.

पुढच्याच वर्षी लॉस एंजेलिस रॅम्सचं सुपर बोल ठरलं ते ॲरन डोनाल्डच्या एका रशवर. सिनसिनाटी तीन गुणांनी मागे, शेवटचं मिनिट, शेवटचा डाऊन, म्हणजे चेंडू पुढे न्यायची शेवटची संधी. डोनाल्ड आत घुसला, जो बरोला धरून त्याने गर्रकन फिरवलं, बरोने कसाबसा चेंडू सोडला आणि तो जमिनीवर पडला. संपलं, २३-२०. डोनाल्डच्या कारकिर्दीतला कदाचित सगळ्यात मोलाचा रश, आणि नियमाप्रमाणे तो सॅक नाही.

प्रेशरचा आकडा सॅकपेक्षा शहाणा असण्याचं कारण साधं आहे: प्रसंग जास्त मिळतात. सॅक सामन्याला दोन-तीन, तर प्रेशर दहा-बारा किंवा त्याहूनही जास्त. त्यामुळे नशिबाचा वाटा कमी होतो. प्रेशर भरपूर आणि सॅक थोडे असलेला संघ पुढच्या वर्षी बहुधा सॅकमध्येही वर येतो. याच्या उलटही होतं: प्रेशर बेताचं पण सॅक मुबलक असेल तर तो भाव टिकत नाही. मात्र प्रेशर कशाला म्हणायचं हे शेवटी फिल्म बघणारा माणूस ठरवतो. एका संस्थेचा आकडा दुसरीशी जुळत नाही, म्हणून दोन ठिकाणचे आकडे एकत्र कालवू नयेत. एकच वही धरावी आणि तिच्यातच संघांची तुलना करावी.

दुसरं माप वेळेचं. खेळाडूंच्या खांद्याच्या पॅडमध्ये आता चिप असते आणि मैदानावर कोण कुठे आहे याची नोंद सेकंदाला दहा वेळा होते. त्यातूनच ईएसपीएनने 'पास रश विन रेट' काढला: समोरच्या गड्याला अडीच सेकंदांच्या आत मागे टाकलं का, हो की नाही. अडीचच का? कारण सरासरी क्वार्टरबॅक पावणेतीन सेकंदांच्या आसपास चेंडू सोडून मोकळा होतो. चौथ्या सेकंदाला पोचणारा गडी कितीही ताकदवान असो, तो पोचेपर्यंत पंगत उठलेली असते.

विन रेटचा मोठा गुण म्हणजे यात क्वार्टरबॅकचा संबंध फारसा येत नाही. समोर महोम्स असो की वेंट्झ, गड्याने गड्याला हरवलं की नाही एवढंच बघायचं. दोषही आहे. डोनाल्डसारख्यावर दोन-दोन, कधी तीन माणसं सोडतात. तो दोघांना अडकवून ठेवतो म्हणून शेजारच्याला एकच गडी मिळतो आणि शेजारी सॅक घेऊन जातो. गुंतवून ठेवण्याचं हे काम कुठल्याच आकड्यात नीट मावत नाही. इथे आपले नाशिकचे बापू नाडकर्णी आठवल्याशिवाय राहत नाही: १९६४, मद्रास कसोटी, इंग्लंडविरुद्ध ३२ षटकं, २७ निर्धाव, ५ धावा, ० विकेट.

आता त्या चार आणि सातकडे येऊ, कारण माझ्या मते पास रश जोखायचा खरा प्रश्न इथे आहे: किती माणसं खर्ची घातली?

पाच किंवा जास्त माणसं सोडली की त्याला ब्लिट्झ म्हणतात. पाचाच्या भिंतीवर सहा माणसं धावली तर कुणीतरी मोकळा सुटणारच, त्यात कसब कमी आणि गणित जास्त. पण अकरातले सहा इकडे आले की मागे उरले पाच. म्हणजे ब्लिट्झचं प्रेशर उसनवारीचं असतं, कव्हरेजकडून घेतलेलं. सामान्य क्वार्टरबॅकसमोर ही उसनवारी पचून जाते. महोम्ससारखा माणूस मात्र ब्लिट्झ येताना ओळखतो आणि जिथून माणूस निघाला त्याच रिकाम्या जागेत चेंडू टाकतो. वसुली जागच्या जागी!

म्हणून दोन संघांचा प्रेशरचा आकडा सारखा असेल, पण एक तो चार माणसांत काढत असेल आणि दुसऱ्याला सहा लागत असतील, तर पहिल्याचा पास रश चांगला. दुसऱ्याचा आहे तो चांगला प्रशिक्षक, किंवा निव्वळ धाडस. हे न बघता केलेली क्रमवारी मी तरी वाचत नाही.

न्यू ऑर्लिन्सच्या रात्री नेमकं हेच झालं. ईगल्सचा बचाव तेव्हा विक फँजिओच्या हाती होता, आणि त्याने पूर्ण सामन्यात एकदाही ब्लिट्झ केला नाही. एकदाही! चौघं पुढे, सात मागे. स्वेटचे अडीच सॅक, मिल्टन विल्यम्सचे दोन. जेलन कार्टरच्या नावावर एकही नाही, पण मधल्या फळीत दोन-दोन माणसं त्याच्याच मागे लागलेली दिसत होती. महोम्स मान वर करून बघायचा तर सात जण मागे पसरलेले, फेकायला जागा नाही, म्हणून चेंडू अर्धा सेकंद जास्त हातात राहायचा. तेवढ्यात चौघं पोचायचे. पहिल्या अर्ध्या सामन्यात चीफ्सचं सगळं आक्रमण मिळून २३ यार्ड सरकलं.

यातले किती सॅक रशचे आणि किती कव्हरेजचे? कुणी घट्ट पाठलाग केल्यामुळे झालेल्या सॅकला 'कव्हरेज सॅक' म्हणतात, पण ही विभागणी कागदावरच सोपी दिसते. चांगला रश कव्हरेजचं काम थोडक्या वेळात आटोपतो, चांगलं कव्हरेज रशला जास्तीचा अर्धा सेकंद मिळवून देतं. एकाचं श्रेय वेगळं काढायचं तर घड्याळ बघावं. अडीच सेकंदांच्या आत झालेला सॅक बहुतेक रशचा, साडेतीननंतरचा बहुतेक कव्हरेजचा किंवा खुद्द क्वार्टरबॅकच्या घोळाचा.

शेवटचा धागा धावफलकाचा. तुमचा संघ पुढे असेल तर मागे पडलेल्याला पास फेकावेच लागतात, आणि तो पास करणार हे सगळ्या स्टेडियमला माहीत असतं. अशा वेळी रश करणारे गडी चेंडू घेऊन धावणाऱ्याची चिंता सोडून सरळ क्वार्टरबॅकवर सुटतात. २०२२ च्या ईगल्सनी १७ पैकी १४ सामने जिंकले, त्यामुळे त्यांना ही मेजवानी जवळजवळ दर रविवारी वाढून मिळत होती. अंतिम सामन्यात मध्यंतराला ते २४-१४ ने पुढे होते खरे, पण महोम्सने उत्तरार्धात चेंडू चटचट सोडत प्रत्येक वेळी गुण मिळवले आणि तो आयता काळ आलाच नाही. शिवाय त्या दिवशी ॲरिझोनाच्या मैदानावरचं गवत इतकं निसरडं होतं की दोन्हीकडची माणसं घसरत होती. कोपऱ्यावरून वळसा घेऊन येणाऱ्या रेडिकसारख्याला पायाखाली पकड नसली की त्याचं निम्मं शस्त्र गेलं.

तर माझा निवाडा असा: २०२२ चा रश उत्तम होता, पण ७० म्हणावा इतका नाही. २०२४ चा ४१ वरून वाटतो त्याहून बराच चांगला, पण महोम्सला सहा वेळा पाडण्याइतका रोज नाही. त्या रात्री चीफ्सच्या डाव्या टोकाला टॅकल म्हणून जो थुनी उभा होता, तो मूळचा गार्ड, म्हणजे आतल्या जागेवरचा माणूस. दोन्हींत निवडायचा झाला तर मी २०२४ चा घेईन, चौघांत काम भागवतो म्हणून.

घरी बसून हे बघायला चिप लागत नाही. अमेरिकेत पोरं परसात खेळताना धावून जाण्याआधी 'एक मिसिसिपी, दोन मिसिसिपी' असं मोजतात, तसं चेंडू मागे आल्यापासून मनात मोजायचं: एक हजार एक, एक हजार दोन. 'तीन' म्हणायच्या आत क्वार्टरबॅकचे पाय हलले का? आणि किती माणसं आली होती? रीप्लेमध्ये डोळे चेंडूवरून काढून भिंतीवर ठेवले की दहा मिनिटांत सवय होते. फक्त टचडाउन हुकतात, त्याची तयारी हवी.

११ नोव्हेंबर १९९० ला कॅन्सस सिटीच्या डेरिक थॉमसने सिॲटलच्या डेव्ह क्रीगला एकाच सामन्यात सात वेळा पाडलं. शेवटच्या खेळीला चीफ्स १६-१० ने पुढे होते आणि थॉमस आठव्यांदा क्रीगपर्यंत पोचला. त्याने हात टाकलाही. क्रीग अडखळला, निसटला, सावरला आणि वेळ संपता संपता त्याने २५ यार्डांवर उभ्या पॉल स्कॅन्सीला टचडाउन फेकलं. सिॲटल १७-१६.